फ्लोरी टीचरचा आतला कंस

नाही, पण मला एक सांगा, जो पुढे उभा आहे त्याचा नंबर आधी लागणार, की मागच्याचा? वीस वर्षं लालबागात गणपतीच्या रांगेवर कार्यकर्ता म्हणून उभा आहे मी! शिट्टी फुंकून फुंकून गालफडं बसली, पण एकाला मध्ये घुसू दिलं नाही... ऑफिसातल्या साहेबांच्या मेहुण्याला नाही, माझ्या सख्ख्या सासूला नाही! आणि गणिताच्या फ्लोरी टीचर म्हणतात, "आनंदा, f पुढे असला म्हणून काय झालं? आतला कंस आधी!"

सत्तेचाळिसाव्या वर्षी हे ऐकायचं. सत्तेचाळिसाव्या!

तुम्हाला सांगतो, परळला एका ऑफिसात मी शिपाई. क्लार्कची जागा निघाली, अट काय, तर बारावी पास. माझी बारावी राहिलेली. भरला सतरा नंबरचा फॉर्म, बाहेरून परीक्षा! साहेब म्हणाले, "यंदा नाही, तर मग रिटायर होईपर्यंत चहाचा ट्रे." म्हणून रोज ऑफिस सुटलं की दादरला टीचरकडे. बाई सत्तरीच्या, शाळेतून निवृत्त, गुडघ्याला पट्टा, पण आवाज? ओरडल्या की अख्खा मजला पाढे म्हणायला लागेल!

बाईंनी लिहिलं, f(x) = 2x, म्हणजे येईल त्याची दुप्पट. g(x) = x + 5, म्हणजे येईल त्यात पाच मिळव. "आता f(g(3)) काढ." काढलं! पुढे f उभा, तिनाची दुप्पट सहा. मागे g, सहा नि पाच अकरा. "चुकलं!" दुसऱ्या दिवशी, अकरा. "चुकलं!" आठवडाभर अकरा... दिवसभर जिने चढून पोटऱ्या भरलेल्या, समोर बाईंचा चष्मा, आणि मी आपला अकरा, अकरा! सत्तेचाळिसाव्या वर्षी फक्त अंगठे धरायचे बाकी होते हो!

शेवटी भडकलो. "टीचर, मागच्याला आधी सोडायचं, ही व्हीआयपी लाईन झाली! आपल्याला नाही जमणार!"

बाईंनी चष्मा पुसला नि हळूच म्हणाल्या, "आनंदा, तुझ्या रांगेत देव कुठे असतो रे?"

म्हटलं, आत.

"इथे आत कोण आहे?"

म्हटलं, तीन.

"मग तिनाला चिकटून कोण उभा आहे?"

...g! आयला, g! f तर लांब, पार रस्त्यावर! मी आठवडाभर रांगेच्या शेपटीलाच तोंड समजत होतो! तीन नि पाच आठ, आठाची दुप्पट सोळा. "सोळा!" असा ओरडलो... आणि खोटं कशाला बोलू, डोळ्यांत पाणीच आलं. बाई म्हणाल्या, "रडू नको. आता उलटं कर, g(f(3)) काढ." काढलं. किती आलं? अकरा! आणि या वेळी म्हणे बरोबर! सत्तेचाळिसाव्या वर्षी माणसानं विश्वास ठेवायचा कशावर?

असो. पास झालो. गणितात एक्केचाळीस! मार्कशीट घेऊन साहेबांपुढे ताठ उभा. साहेबांनी गणितावर बोट ठेवलं. "हे कशाला घेतलंत? आम्हाला नुसतं बारावी पास हवं होतं. गेल्या वर्षी आपला राकेश क्लार्क झाला ना, त्यानं समाजशास्त्र घेतलं. पलंगावर पडून वाचलं नि पास झाला."

फॉर्मवर गणितापुढे खूण कोणी केली होती? मीच! क्लार्क म्हणजे गणित लागणारच, असं मला वाटलं... कोणाला विचारलंसुद्धा नाही.

म्हटलं, "साहेब, क्लार्कच्या कागदावर सही कुठे करू?"