एकेचाळिसावा पाणवठा

अंजू : फोनवर आलंय ते पुन्हा वाचते, आबा. नीट ऐका. "कोल्हेदऱ्यात पाणी न्हाई. नकाशात निळा ठिपका हाय, तिथं नुसती वाळू हाय. सत्तर मेंढरं घेऊन गेलतो. सात राहिली." खाली नाव आहे. बंकट, सिरसाळा.

राधाकिशन : पैल्या बारीलाच आयकलं म्या. म्हातारा झालो, बहिरा न्हाई झालो.

अंजू : मग बोला की काहीतरी.

राधाकिशन : काय बोलू? मे महिना हाय. झरा म्हनल्यावर आटतो कवामवा. त्यात नकाशाचा काय दोष आन माजा काय दोष? तूच म्हनलीस, हज्जार लोकं मिळून करतेत त्यो नकाशा, फुकटचा हाय, त्याला मालक न्हाई.

अंजू : नकाशा हजार लोकांचा आहे. त्याला मेंढरंवाल्यांसाठी पाणवठ्यांची जोड दिली ती माझी आहे. तिला मॉड्यूल म्हणतात. एकेचाळीस पाणवठे, तुम्ही सांगितलेले, मी एकेक करून बसवलेले. वर तुमचं नाव टाकलं, माहिती देणारे राधाकिशन म्हणून. तेव्हा तुम्ही आख्ख्या गल्लीला फोन दाखवत फिरलात.

राधाकिशन : ते तपासून घेतेत म्हनलीस की. तपासनाऱ्यांनी कावून घेतलं मंग?

अंजू : तपासतात. पगार नाही, काही नाही, आपल्या वेळात तपासतात बिचारे. मला दोनदा परत पाठवलं होतं. एकदा परवान्याचा कागद जोडला नाही म्हणून, एकदा ठिपके जुन्या फोनवर दिसेनात म्हणून. तिसऱ्यांदा कोट्टयमच्या एका माणसानं विचारलं, ठिकाणांवर जाऊन खात्री केली का? मी घाटनांदूरला मामाच्या गच्चीवर बसलेले, तिथंच रेंज येते. लिहिलं, होय. तो म्हणाला, तुम्ही स्वतः? मी लिहिलं, माझ्या वडिलांनी, चाळीस वर्षं याच डोंगरात मेंढरं चारलीत त्यांनी. त्यावर तो म्हणाला, मग मी कोण विचारणार. आणि मंजूर केलं.

राधाकिशन : भला मानूस दिसतोय.

अंजू : तोच भला माणूस आज विचारतोय. संध्याकाळपर्यंत सांगा, हा ठिपका कुणी पाहिला होता. नाहीतर सगळं मॉड्यूल काढून टाकावं लागेल. तीनशे बारा जणांनी घेतलंय ते, आबा. परभणीपासून नगरपर्यंतचे.

राधाकिशन : मेंढरं कशानं गेली पर? एका दिसाच्या तानेनं तिरसष्ट मेंढरं जात न्हाईत.

अंजू : फोनवर बोलले मी बंकटशी. सकाळीच उतरला दऱ्यात. पाणी नाही. त्याला वाटलं ठिपका खरा असणार, आपलंच चुकतंय. दुपारपर्यंत वर-खाली फिरला. हातानं वाळू उकरली. सत्यभामा, त्याची बायको, म्हणत होती चला माघारी, तर तो म्हणे आधीची चार ठिकाणं बरोबर निघाली, हेही निघेल. मग मेंढरं थांबेनात. खाली मळ्यात ठिबकची टाकी होती, युरिया कालवलेला. बाई काठी घेऊन आडवी झाली, तर तिलाच तुडवलं. टाकीतलं पाणी प्यायली ती सगळी तासाभरात फुगून मेली.

राधाकिशन : मळेवाला?

अंजू : मळेवाल्यानं पोलिसांत तक्रार दिली. टाकी नासवली म्हणून.

राधाकिशन : देनारच. पर मला त्या पोराचं कळंना. मेंढक्याच्या पोटचा ना त्यो? दऱ्यात उतरायच्या आधी लेंड्या बघायच्या. जुन्या लेंड्या न्हाईत म्हंजी पानी न्हाई. होल्याची पाखरं पान्याला कुठं उतरतेत ते बघायचं. कुनी सांगितलं म्हनून कुनी आख्खा कळप घालतं का दऱ्यात?

अंजू : कुणी सांगितलं नव्हतं. फोननं दाखवलं होतं. चार वेळा खरं निघाल्यावर पाचव्याला लेंड्या कोण बघतं?

राधाकिशन : बघाव्या लागतेत.

अंजू : मी बघितल्या. काल मामाच्या सुरजच्या गाडीवर गेलते, कोल्हेदऱ्यात. एक लेंडी नाही, आबा. ताजी नाही, जुनी नाही. झरा आटला तरी खूण राहते, तुम्हीच सांगायचात. दगडावर पांढरी रेघ राहते, गवताची मुळं राहतात. तिथं काहीच नाही. तिथं पाणी कधी नव्हतंच.

राधाकिशन : तंबाखूची पुडी कुठं ठिवली तुज्या आईनं?

अंजू : पुडी तुमच्या खिशात आहे. तुम्ही मला खोटी जागा सांगितली.

राधाकिशन : तुला न्हाई सांगितली.

अंजू : मग कुणाला सांगितली?

राधाकिशन : तू कागूद घिऊन बसलतीस. म्हनलीस, हे सगळ्यांला दिसंल. सगळ्यांला म्हनल्यावर… चाळीस पानवठे गावागावाला म्हाईत हायत. बारवा, तळी, नदीचे डोह. ते दिले तुला, एकबी खोटा न्हाई दिला. ह्यो एक घरचा व्हता.

अंजू : घरचा म्हणजे? डोंगर आपल्या नावावर आहे?

राधाकिशन : आपल्या नावावर काय हाय? म्हनूनच लपवायचं. आदी दोन व्हते घरचे. एक मह्या बापानं एका बागायतदाराला सांगितला. भला बोलला व्हता त्यो, बसवून च्या पाजला. पुढल्या साली गेलो तर तार मारलेली, मोटार बसलेली, आन गडी म्हनतोय, ए, हाकल ती मेंढरं. बाप त्याच पान्याच्या काठाला जल्मला व्हता. त्या दिसापासून बापानं शिकवलं, इचारनाऱ्याला शेजारची दरी दाखवायची.

अंजू : तो बागायतदार होता. बंकट आपल्यातला आहे.

राधाकिशन : आपल्यातल्याला कळतं की. मेंढक्यानं मेंढक्याला दरी सांगितली की आयकनारा वळखतो, पानी तिथं न्हाई, शेजारी हाय. त्यो गालात हासतो, लेंड्या हुडकीत जातो, त्याला घावतं. पानी बी राहतं आन मानूस बी राहतो. आजवर आसंच चाललं. तोंडाकडं बघून सांगायची गोष्ट हाय ती. फोनला तोंड कुठं हाय? निळा ठिपका हासतो का?

अंजू : आणि हे तुम्ही मला आज सांगताय.

राधाकिशन : तू कवा इचारलंस? तू शाळेत व्हतीस.

अंजू : शाळेत तुम्ही घातलंत. मेंढरामागं येऊ नको, पायाला काटे भरतील, तू शीक, असं म्हणून. मी शिकले. बीडला जाऊन शिकले, रात्रंदिवस परक्या लोकांचे धडे वाचून शिकले. का, तर आपल्या लोकांना पाण्यासाठी कुणाच्या दारात उभं राहायला लागू नये म्हणून. आणि तुम्ही माझ्यासमोर बसून, माझ्याच कागदावर बोट ठेवून, शेजारची दरी दाखवलीत. कोट्टयमच्या माणसाला कळणार होतं का, म्हातारा गालात हसलाय म्हणून?

राधाकिशन : म्या हासलो नव्हतो.

अंजू : मला तरी कळलं का? मी तुमची पोरगी आहे.

राधाकिशन : चुकलो. बस, चुकलो. आता खरं घाल त्यात. लिही. कोल्हेदऱ्यातून दक्षिणेला बरड माळ चढायचा, पल्याड उतरायचं, दोन मोठ्या धोंड्यांच्या मधी उंबर हाय. त्याच्या मुळातून पानी येतं. बारा मास. दुष्काळात मेंढरांचा आख्खा वाडा जगवला त्यानं. घाल ते. कुनाला तार मारायची ती मारू दे.

अंजू : तिथंही गेले मी.

राधाकिशन : तुला कसं घावलं?

अंजू : तुम्ही आत्ता म्हणालात तसंच. दऱ्यात लेंड्या नव्हत्या, बरडावर होत्या. जुन्या, पांढऱ्या पडलेल्या. त्या धरून उतरले. सुरज म्हणत होता, माघारी चल, अंधार पडंल. मी नाही ऐकलं.

राधाकिशन : मंग? उंबर बघितलास का? चार मानसांच्या कवेत मावत न्हाई त्यो.

अंजू : उंबर वाळलाय, आबा.

राधाकिशन : पानगळ आसंल.

अंजू : उंबराला मे महिन्यात कसली पानगळ? साल सुटून पडलीय. मुळात हात घातला, पार कोपरापर्यंत. ओल नाही. वर पवनचक्क्यांसाठी रस्ता काढलाय, सुरुंग लावून. खाली चारणाऱ्या एका म्हातारीनं सांगितलं, पहिला सुरुंग उडाला त्याच आठवड्यात पाणी गेलं.

राधाकिशन : कवाची गोष्ट?

अंजू : तीन वर्षं होतील म्हणाली. तुमचा गुडघा गेला, आपण मेंढरं विकली, त्याच उन्हाळ्यात.

राधाकिशन : म्हंजी तू कागूद घिऊन बसलतीस तवा…

अंजू : तेव्हा तिथं काही नव्हतं. दऱ्यातही नव्हतं, उंबराखालीही नव्हतं.

राधाकिशन : तिरसष्ट मेंढरं.

अंजू : हो.

राधाकिशन : लिही मंग. लिही, राधाकिशन नावाच्या म्हाताऱ्यानं खोटं सांगितलं, पोरीचा काई गुन्हा न्हाई.

अंजू : बापावर ढकलून मोकळी होऊ? तपासणाऱ्यांनी एकच विचारलं होतं, जाऊन पाहिलं का. मी होय म्हणाले. गच्चीवर बसून, एकेचाळीस ठिकाणांसाठी. त्यांच्यातल्या कुणीही मला घाई केली नव्हती. मीच म्हणत होते, लवकर करा, उन्हाळा आलाय. लिहिलंय मी उत्तर. मी एकाही ठिकाणी गेले नव्हते, मॉड्यूल काढून घ्या. तुमचं नाव नाही त्यात.

राधाकिशन : काढलं की झालं का मंग?

अंजू : लोक जिथून उतरवून घेतात त्या भांडारातून निघेल. ज्यांनी आधीच घेतलंय त्यांच्या फोनात राहील. ते आपल्याला काढता येत नाही.

राधाकिशन : कोल्हेदरा राहनार तिथं?

अंजू : जोवर फोन आहे तोवर.

राधाकिशन : त्या पोराला फोन लाव.

अंजू : काय बोलणार त्याला?

राधाकिशन : तुला बोललो तेच. लिहिता येत न्हाई मला, तोंडानं बोलंन.

(अंजू फोन लावते, आवाज मोठा करून त्याच्या हातात देते.)

राधाकिशन : बंकट का? म्या राधाकिशन. अंजूचा बाप.

बंकट : व्हय काका. नकाशात नाव हाय तुमचं.

राधाकिशन : त्यो दरा म्या सांगितलता. तिथं पानी कवाच नव्हतं. म्या जानून सांगितला. आयकलंस का?

बंकट : आयकलं.

राधाकिशन : शिव्या दे.

बंकट : शिव्या सत्यभामा देतीय की, चार दिस झाले. मलाच देतीय. मेंढक्या आसून लेंड्या बघितल्या न्हाईस म्हनून.

राधाकिशन : तिला सांग, म्या…

बंकट : काका, ते राहू द्या आता. सात राहिलीत, त्यातल्या दोन गाभन हायत. सकाळपासून पाजलं न्हाई. नकाशात इथून कोसभर लिंबाची बारव दाखवतंय, तुमच्याच नावानं. तेवढं सांगा. त्ये खरं हाय का?

अंजू : आबा. बोला.

राधाकिशन : तीन वर्सं झाली, बंकट. म्या तिकडं गेलो न्हाई. मला ठावं न्हाई.