सगळ्या काळ्याच

— न्हाय न्हाय, रणधीरभाऊ, शेळी आत्ताच टेम्पोतून उतरवू नका. आधी पाणी प्या. तुम्ही पसंत केलेली काजळी, आणि मी दोरी हातात दिली अंधारीची — व्हय, मान्य. आमच्या सासूबाई, आत्याबाई, तेव्हा परंड्याला लग्नात, फोनवर म्हणाल्या, ‘काजळी देऊन टाक.’ आता चौदा शेरडं, चौदाही काळी कुळकुळीत, आणि आत्याबाईंनी नावं ठेवलीत काय — काजळी, कोळशी, अंधारी, मशेरी! ह्या नावांवरून कुणी कुणाला ओळखायचं? नवी सून, चुकली. अख्खी तामलवाडी हसली. तुम्हीबी हसा.

लग्न होऊन आले तेव्हा खरंच काही कळत नव्हतं. दारात नुसता काळा ढीग चरतोय असं वाटायचं. माणसांचंही तेच की — तिन्ही जावा पदर घेऊन बसल्या की कोण कुठली, देवाला ठाऊक. लग्नाच्या फोटोत तर मी नवरा म्हणून चुलतदिरावर बोट ठेवलं होतं — हे कुणाला सांगू नका. आमचे हे शाळेत विज्ञान शिकवतात. ते म्हणाले, डोळे तेच राहतात, पण ओळख पटत गेली की मेंदूतली बघायची जागाच बदलते; आधी एकसारखं दिसणारं तिला आपोआप वेगवेगळं दिसायला लागतं. मी म्हटलं, बदलू दे, मला तरी दुसरं काय काम? आणि एका सकाळी पाणी ठेवायला गेले, तर त्या ढिगातून एकच शेळी सुटी झाली — डावा कान दुमडलेला, मान तिरकी, हजेरी घेणाऱ्या बाईंसारखी माझ्याकडं बघायलीय. त्यानंतर तिला ‘एक शेळी’ म्हणून बघायचं म्हटलं तरी जमंना. तिनंही चार सुनांतून मलाच हुडकलं, भाऊ. आत्याबाई अजून मला थोरलीच्या नावानं हाक मारतात. काजळी मात्र नुसत्या पावलांवरून धावत येते — मग तिची दोरी मी तुमच्या हातात कशी —

काय? म्हणजे ओळखली होती, म्हणता? … तसं — थोडंफार.

असं बघू नका. तुम्ही तीस वर्षांचे पारखी, ईट गावच्या बाजारात दात न बघता वय सांगता म्हणे. स्वतः दोरी धरून अंधारी नेली, आणि कळलं कधी? तिनं तुमची वाळत घातलेली लुंगी खाल्ल्यावर — ही खोड अंधारीचीच! सांगू का बाजारात? मग. दूध लई देते ती. लुंगी जरा उंच वाळत घाला.

गप — आल्या. न्हाय ओ आत्याबाई, मला कुठं कळतंय, सगळ्या काळ्याच! भाऊ सहज आलेत, शेळी लई पसंत पडली म्हणून सांगायला. — व्हय ना, भाऊ?