तात्यांनी चपला काढल्या तेव्हा

तुम्ही हसाल, पण त्या दिवशी मला गणपतीची भीती वाटली.

पेणच्या कारखान्यात मी मूर्तींचे डोळे रंगवते, हे तुम्हाला ठाऊक हायच. आमचे मालक तात्या दरवर्षी नेपाळातल्या मराठी लोकांसाठी ट्रक भरून शाडूच्या मूर्ती पाठवतात. दुपारी ते फोन कानाला लावूनच आत आले. चेहरा पांढराफटक.

"नेपाळची हद्द बंद झाली. ट्रक जाणार नाय. सुरेखा, त्या मूर्तींना डोळे रंगवू नको गो."

"का, तात्या?"

"डोळे नाय तोवर ती नुसती माती. इथल्या गिऱ्हाइकांचे गणपती कधीच ठरलेत; रंग खरवडून भिजवू, त्यांच्यासाठी दुसरं काहीतरी घडवू. तुम्हाला कामावर ठेवायचं, तर माती तरी वाचायला हवी."

मी हातातला ब्रश खाली ठेवला.

"तात्या, परवापासून मी त्याच मूर्तींचे डोळे करतेय."

"किती झाल्या?"

"सगळ्या."

तात्या फळ्यांकडे वळले. साठ गणपती त्यांच्याकडे बघत होते. मग हळूच पायातल्या चपला काढून त्यांनी बाजूला ठेवल्या.

तेव्हाच मला कळलं, आमचं काम गेलं.