खारट सरबत

खारट लागतंय? लागू दे हो, प्या. आमसुलाच्या सरबतात मीठ जरा पुढे गेलं तरी बाधत नाही. आमच्या तुळसाचा हातच सैल, मी आपलं ओरडून सांगितलं 'मीठ घालून आण' नि तिने ओतलंन. तर काय विचारत होतात—माहिती कोण देतं? मीच की. घरात मार खाल्लेल्या बायकांसाठी ही संस्था, नि तिच्याबद्दल विचारायला कोणी आलं की त्याला आणून बसवायचं लीलाकाकूच्या टेबलाशी. आणि येतं कोण? निम्मे विद्यार्थी. देवरूखचे, चिपळूणचे—तुम्हीही देवरूखचेच म्हणालात ना, कॉलेजचे?—एक तर आंजर्ल्याहून आली ती पेढे घेऊन. म्हटलं, बाई, विषय कुठला नि पेढे कसले वाटतेस, पास झालीस की आण.

गोड असतात हो पोरं, पण एकेक मागण्या ऐका. 'काकू, शनिवारपर्यंत दोन पीडिता मिळतील?' जशी मी माठाच्या जुड्या घेऊन बसल्ये. एकाने प्रश्नावली आणलीन—'पती का मारतो? योग्य पर्यायावर खूण करा.' त्याला म्हटलं, हा कागद नवऱ्याला नेऊन दे, आमच्या बायकांना उत्तर ठाऊक असतं तर त्या इथे कशाला आल्या असत्या? हसला बिचारा. तुम्ही नाही हसलात. असू दे. आणि माहिती मिळो न मिळो, शिक्का पाहिजे—संस्थेत येऊन गेल्याचा, सहीनिशी, त्याशिवाय त्यांचे सर मार्क देत नाहीत. दारातून पाऊल टाकायच्या आधी शिक्का मागतात मेले.

नियम? सोपा आहे. कायद्याची पुस्तिका देत्ये, वर्षाचे आकडे देत्ये, गप्पा तर काय, थांबवा म्हणेपर्यंत देत्ये. पण कुठली बाई आली, कुठे राहते, पोराला कुठल्या शाळेत घातलं—ते कलेक्टर आले तरी नाही. अहो, उठताय कुठे? आत काही नाही बघण्यासारखं, नुसती फायलींची कपाटं नि एक पंखा, तोही कुरकुरतो. बसा. ग्लास अर्धा आहे अजून, आमच्याकडे पाहुणा अर्धा ग्लास टाकून उठत नाही. दाराकडे काय बघताय सारखे—चपला? तुमच्या कोणी नेत नाही. त्या निळ्या? असतील कोणाच्या तरी, दिवसभर येतं-जातं माणूस—हां, तर आकड्यांचं सांगत होत्ये, गेल्या वर्षी नि यंदा मिळून—

थांबा. नाही, उचलायचा नसतो हा फोन, मिसकॉल आहे. तुळसाचा.

आता सांगत्ये. इतका वेळ बसलात, शिक्का नाही मागितलात. पेन नाही, वही नाही. आणि आल्या आल्या तुमची नजर पडली ती चपलांवर, नि तिथेच अडकली. तेव्हाच मी आत ओरडल्ये, 'मीठ घालून आण'—ते आमचं ठरलेलं आहे, तुळसाला कळतं काय करायचं ते. सरबत ठेवलंन तुमच्यापुढे नि गेली की मागच्या दाराने, तिला घेऊन. पोचल्या म्हणून हा मिसकॉल. कुठे ते विचारू नका.

शमिका? बघा, नाव तुम्ही घेतलंत, मी नाही. बायको आहे तुमची, माहीत आहे मला. तिच्या चपला राहिल्या, तुमच्या डोळ्यांसमोरून उचलणार कशा? म्हणून माझ्या घालून गेली, आत वापरायच्या. अनवाणी नसती जाऊ दिली मी. जांभ्याच्या पाखाडीच्या पायऱ्यांवरून अनवाणी पळालं की तळव्यांची सालं निघतात हो, मी पळाल्ये, पोर कडेवर, पदर तोंडात धरून, आवाज नको म्हणून—

हे सांगायचं नव्हतं मला.

उभे राहिलात? राहा. घाबरल्ये आहे मी, खोटं कशाला बोलू. पण तुळसाने ठाण्यावर कळवलंय, येतील ते एवढ्यात. तोवर त्या प्रश्नावलीवाल्या पोराचा प्रश्न तुम्हालाच विचारत्ये. पती का मारतो? योग्य पर्याय सांगा. देवरूखपासून इथवर आलात, वाटेत सुचला असेल एखादा.

दाराकडे वळलात?

मग निघा. ग्लास राहू दे, मी विसळीन. तुमच्या चपला त्या कडेच्या. निळ्यांना हात लावायचा नाही.