पोपटची खाट आन् आयडल कॉम्प्युटर

...आन् पोपटची बायको वर तोंड करून म्हणती काय, तर थंडीतबी पंखा बंद करायचा न्हाई, कॉम्प्युटर तापतो. आता तुम्हीच सांगा, सगळं शिरूर स्वेटर घालून चहाला बसलंय, आन् पोपटच्या घरात पंखा गरगर फिरतोय. पंख्याखाली कोण? कॉम्प्युटर. आन् घरधनी पोपट कुठं? पडवीत, खाटंवर, कानाला मफलर.

कसं झालं ते सांगतो. पोपट रांजणगावच्या एका कंपनीत मशीनवर होता. एक दिवस टाय लावलेला एक गडी घड्याळ घेऊन त्याच्या मागं उभा राहिला, पोपट लघवीला गेला तरी टिपून घेतलं, आन् मग साहेबानं बोलावलं. "पोपटराव, तुमचं मशीन रोज तासभर आयडल राहतं. हातबी स्लो झालाय तुमचा. वय झालं." आयडल म्हंजी नुसतं बसून. झालं, पोपट घरी. आन् त्याच्या मागोमाग हा जुना कॉम्प्युटर घरी आला. बायकोनं, सुरेखानं, त्यावर बायोडाटे टाइप करायला घेतले. कुणाचे? रांजणगावात कामाला लागायला निघालेल्यांचे. म्हंजी पोपटच्या जागी जाणाऱ्याचा बायोडाटा पोपटच्याच घरात टाइप होणार, आन् त्याला पाण्याचा तांब्या कोण देणार? पोपट.

पण कॉम्प्युटर हळू. किती हळू? तुम्हाला सांगतो, सुरेखानं एक अक्षर दाबलं की ते दौंडवरनं निघून, वाटेत न्हावऱ्याच्या स्टँडवर चहा पिऊन, मग पडद्यावर यायचं. नाव लिहून व्हायच्या आत गिऱ्हाईक विचारायचं, "वैनी, तवर दाढी करून येऊ का?" शेवटी दौंडवरनं तिनं भावाला बोलावलं. हा धम्मदीप, तिकडं कॉम्प्युटरच्या क्लासात शिकवतो. त्यानं डॉक्टरसारखा कॉम्प्युटरच्या डब्याला हात लावला. "ताई, मेमरी भरली असणार. प्रोसेसरबी फुल. मोठा घ्यावा लागंल, टेबलबी मोठं लागंल."

सुरेखानं टेबलाकडं न्हाई बघितलं. खाटंकडं बघितलं. "अवं, पडवीत झोप लागंल न्हवं तुम्हाला?"

म्हंजी भरलाय, तर खाट बाहेर.

पोपट ताडकन उठला. "असणार म्हंजी काय रं? मोजून दाखव. मला घड्याळ लावून मोजलं, ह्यालाच का न्हाई?"

"मोजू की दाजी," म्हणत धम्मदीपनं तीन बटणं एकदम दाबली. पडद्यावर एक चौकोन आला, त्यात एक हिरवी रेघ, आन् ती पार तळाला झोपलेली. मेमरी बघावी तर निम्मी रिकामी. पोपटनं चष्मा पुसून खालची यादी बघितली. इंग्रजी त्याला बेताचंच, पण एक शब्द कंपनीनं असा शिकवला होता की मरंपर्यंत विसरायचा न्हाई.

"हे आयडल लिहिलंय का रं? आन् पुढं सत्त्याण्णव?"

"व्हय दाजी. शंभरातलं सत्त्याण्णव टक्के नुसतं बसून हाय."

"सत्त्याण्णव... आरं, मी तासभर बसलो तर मला घरी पाठवलं. ह्याला घेऊन जा दौंडला. आत्ताच्या आत्ता."

"मग हळू का चालतोय?" सुरेखानं विचारलं.

"वय झालंय, ताई."

आता बघा हां. वय झालंय, हात स्लो, आन् वर आयडल. कंपनीनं पोपटला जे जे लावलं ते सगळं ह्याला लागू. पोपट वाट बघतोय, आता सुरेखा म्हणंल, काढा ह्याला. सुरेखा काय म्हणाली?

"अगं बया, एवढी जागा हाय व्हय त्यात? मग बिचाऱ्याला काम नको का द्यायला? प्रिंटर घेऊ. माणसांना बसायला एक बाकडं टाकू."

बाकडं कुठं टाकणार? सांगा की.

म्हंजी मोकळाय, तरी खाट बाहेर.

आता सकाळी पोपटच्या उशाशी लोक चपला काढतात आन् आत जाऊन बाकड्यावर बसतात. आत पंखा. संध्याकाळी काम आटपलं की सुरेखा डब्याला फुलाफुलाच्या कापडाचं झाकण घालती, तिनं स्वतः शिवलंय, आतनं अस्तर लावून. लेकराला पांघरूण घालावं तसं घालती. काल गारठा पडला तवा पोपटनं पडवीतनं हाक मारली. भांडला न्हाई, आवाज चढवला न्हाई. एवढंच म्हणाला,

"सुरेखा, त्याला पंखा लागतोय म्हंजी उकडत असंल. तेवढं त्याचं झाकण हिकडं दे."