मौनीबाबांचा बिबट्या

—नाही ताई, बाबा बोलायचे नाहीत. तीन वर्षं झाली, तोंडातून शब्द नाही. माझ्या दुकानामागेच आरेच्या जंगलात झोपडी, आणि खाणं काय, तर झाडाचा पाला. दोन नारळ घ्या, पायाशी ठेवा, परत फिरा — मागे बघा किती माणसं थांबलीत. आणि बिबट्या? येतो ना! झोपडीसमोर बसतो शेपूट गुंडाळून, दर्शनाला. मी स्वतः बघितलाय — म्हणजे, शटरच्या फटीतून. का येतो? भक्ती, दुसरं काय... वास? छे हो, ते सुके बोंबील गिऱ्हाइकांसाठी — आता निखाऱ्यावर भाजले की बिबट्यालाच काय, मलाही राहवत नाही, आणि गुणाजी तर म्हणतो, सोमवार सोडून रोज — कोण गुणाजी? मी गुणाजी म्हणालो? बाबा हो, बाबा. खुणेनं म्हणतात.

फोटो? बघू. हा तर दाढीशिवाय... नाही, ओळखत नाही. घाटकोपरचा असेल कुणी. तुमचे मिस्टर? अहो, बसा ना रत्नप्रभावहिनी, उन्हातनं आलात — नाव? बाबांना सगळं कळतं, त्यांच्याकडून मला. खुणेनं. रत्नप्रभा खुणेनं कसं सांगतात? अवघड आहे खरं.

हळू बोला, लोक ऐकतायत. वाट लागलीच आहे तर सांगतो. लेकीला बघायला पाहुणे आले, यानं सांगून टाकलं — पोरगी भांडखोर आहे, आईवर गेलीय. तुम्ही ओरडलात, ‘मी मेले तरी आता तोंड उघडू नका!’ कोकणातला माणूस, तेवढंच धरून बसला. दोन दिवसांसाठी माझ्याकडे आला होता हो! गप्प बघून बायका पाया पडायला लागल्या, मी नारळ मागवायला लागलो. नाकारत नाही. पण दुपारी शटर अर्धं ओढलं की माझ्याशी जे बोलतो ना — एक दुपार चुकली नाही. माझी बायको गेल्यापासून इथे मीच बोलतो, गिऱ्हाईक ऐकतं. उलट उत्तर देणारा हा एकच. आणि तुम्ही त्याला नेणार, म्हणजे मग...

शिंक? मांजर ते. मिरचीच्या पोत्यामागे झोपतं. अहो, आत कुठे — वहिनी!

ऊठ रे गुणाजी. बोल म्हणतायत. त्यांनीच गप्प केलं, त्याच सोडवायला आल्या. रडतोस काय, बाबा ना तू? हे घे, बोंबील बांधून देतो... दुपारचं येत जा कधी.

— आणि तुम्ही काय बघताय? नारळ परत देतो, घरी जा. बाबा बंद.