माझा ट्रेड झाला तेव्हा

ड्राफ्ट चांगला की ट्रेड, हा वाद तुम्ही घाला. माझा ट्रेड झालाय, म्हणून सांगतो.

शारजातल्या आमच्या पगारी बास्केटबॉल क्लबचे मालक साठेकाका. ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या पोरांच्या निवडीत, त्यांनी मला पहिला उचलला. म्हणाले, "तीन वर्षं दे, तुला घडवतो." मी इंजिनिअरिंग सोडलं. दुसऱ्याच सीझनला त्यांनी गुडघा गेलेला एक उंच, अनुभवी सेंटर खेळाडू घेतला आणि बदल्यात मला अबुधाबीच्या क्लबला देऊन टाकलं. मला कळलं कधी? ऑफिसने व्हिसा कॅन्सल करायला पासपोर्ट मागितला तेव्हा.

तसाच जिममध्ये गेलो. "काका, घडवणार होतात ना?"

"अरे, मला यंदा जिंकायचंय. तयार माणूस लागतो. मनाला लावून घेऊ नकोस, तू मला रोहनसारखाच."

रोहन त्यांचा मुलगा. आमच्याच टीममध्ये, कायम बेंचवर.

"मग रोहनला का नाही दिलंत?"

"आधी त्याचंच नाव दिलं होतं, हबीबी. त्यांना नको होता."

रोहन मागेच बसून बुटांच्या नाड्या बांधत होता. त्याने त्या सोडल्या, बूट तिथेच ठेवले आणि अनवाणी पार्किंगकडे गेला.

काका मला अबुधाबीतली खोली किती मोठी आहे, ते सांगत राहिले.